भोपूचा घसा

भोपू हा पाणघोडा होता आणि तो एका करड्या लोकरी मोज्याचा केलेला होता. मोजा मुळात गोष्टताईच्या नवऱ्याचा. त्याचा जोडीदार धुण्यात कुठेतरी गहाळ झाला, आणि उरलेला एकटा काय कामाचा म्हणून तिनं त्याला बटणांचे डोळे लावले, कान शिवले आणि आत लाल कापड घालून हे एवढं मोठं तोंड करून दिलं. तोंड बघूनच त्याचं नाव भोपू पडलं. नवरा अजून चिडवायचा, "लोक म्हणतात बायकोच्या पायगुणानं घर चालतं. आपलं माझ्या मोज्यावर चाललंय."

त्यात फार खोटं नव्हतं. गोष्टताई वाचनालयाच्या बालविभागात हंगामी नोकरीवर होती. दर वर्षी नोकरी वाढवून मिळायची, आणि ती कुणामुळे मिळते हे वाचनालयात सगळ्यांना माहीत होतं. वरच्या मजल्यावरची बालविभागाची खोली एकेकाळी जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे ठेवायला द्यायचं ठरलं होतं. मुलं येत नव्हती, पुस्तकांवर धूळ होती. मग शनिवारचा गोष्टींचा तास सुरू झाला, भोपू आला, आणि बघता बघता जिन्यात चपलांचा ढीग पडू लागला. वर्तमानपत्रं तळघरात गेली.

भोपूला आवाज कसा मिळाला, हे मात्र फक्त गोष्टताईला माहीत होतं. पहिल्या शनिवारी तिला सणसणीत सर्दी झाली होती. घसा असा बसला होता, की घरून निघताना नवरा म्हणाला, "आज जाऊ नकोस, मुलं पळून जातील." पण पहिलाच दिवस, न जाऊन कसं चालेल? ती गेली. सतरंजीवर बसली, चित्रांचं पुस्तक उघडलं, उजवा हात मोज्यात घातला, आणि भोपूनं आ वासला तेव्हा घशातून जे काही बाहेर आलं ते गंजलेल्या बिजागरीसारखं होतं. मुलं हसून लोळायलाच लागली. एक लहानगा तर उठून भोपूच्या तोंडात डोकावून आला.

सर्दी आठवड्यात बरी झाली. पुढच्या शनिवारी ती खुशीत आपल्या नेहमीच्या आवाजात म्हणाली, "नमस्कार मुलांनो, मी भोपू!" मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. "हा भोपू नाही," पुढच्या रांगेतून निकाल आला. दुसरी म्हणाली, "भोपूला परत बोलवा." तिनं थोडा वेळ रेटून पाहिलं, पण कुणी पुस्तकाकडे बघेना. शेवटी तिनं घसा आवळला, आतून दोन दगड एकमेकांवर घासावेत तसा आवाज काढला, "मी आलो रे!", आणि टाळ्या पडल्या.

बाहुलीचा खेळ करणाऱ्यानं आवाज निवडताना एकच बघायचं असतं: तो रोज काढता येईल का. ही गोष्ट तिला कुणी शिकवली नव्हती. आणि जेव्हा कळली तेव्हा भोपूची मुलांशी गट्टी जमून गेली होती.

बाकी काम ती झकास करायची. डाव्या तळव्यावर पुस्तकाची पाठ तोलून धरायची, चित्रं मुलांकडे. अक्षरं तिला दिसायची नाहीत, म्हणून प्रत्येक पुस्तक तोंडपाठ. भोपू बोलायचा तेव्हा खालचा जबडा अंगठ्यानं पाडायचा, वरचं डोकं उडवायचं नाही, नाहीतर पाणघोडा भुंकल्यासारखा दिसतो. आणि तो बोलत असताना आपण त्याच्याकडे बघायचं, म्हणजे मुलंही त्याच्याकडेच बघतात. दोन्ही हात अडकलेले असल्यामुळे पानं भोपू तोंडानं उलटायचा. बालविभागातल्या बहुतेक पुस्तकांचे खालचे कोपरे त्यामुळे चोळामोळा झालेले. मुलं ते कोपरे एकमेकांना दाखवायची, "हे बघ, इथं चावला."

मुलांचं ठीक होतं, पण मोठेही तसेच निघाले. रस्त्यात आया थांबवायच्या, "भोपूला सांगा ना, आमचा दूध पीत नाही." ग्रंथपाल साहेब जिन्यात भेटले की आधी तिच्या उजव्या हाताकडे बघायचे, हात मोकळा दिसला की जरा हिरमुसायचे आणि मग विचारायचे, "काय, कसं काय?" तिला खरं नाव आहे हे तिच्या पगारपत्रकालाच तेवढं ठाऊक होतं.

घसा हळूहळू गेला. आधी शनिवारी संध्याकाळी दुखायचा, मग रविवारीही, मग बुधवारपर्यंत. कोमट पाणी, मिठाच्या गुळण्या, लवंग, सगळं झालं. तिचा आवाज मूळचा स्वच्छ, खणखणीत. लग्नाआधी शेजारीण म्हणायची, "तुला घराच्या घंटेची गरज नाही गं." आता तोच आवाज वाक्याच्या मध्येच पायरी चुकल्यासारखा खाली पडायचा.

तरी तिनं मनावर घेतलं नव्हतं. मनावर घेतलं ते आईच्या फोननंतर. आई दूरच्या गावात भावाकडे राहायची. तिची नजर गेली होती, माणसं ती आवाजावरूनच ओळखायची. गोष्टताईनं फोन लावला.

"आई, कशी आहेस?"

"कोण बोलतंय?"

"अगं, मी."

"मी कोण? कोण हवंय आपल्याला?"

"आई, मी बोलतेय, तुझी थोरली."

पलीकडे आई फोनपासून तोंड दूर करून भावाला म्हणाली, "अरे, कुणी बाप्या आहे बघ. थोरली म्हणतोय स्वतःला. माझ्या लेकीचा आवाज मला कळत नाही होय?"

भावानं फोन घेतला, हसला, सर्दी झाली का म्हणून विचारलं. ती हो म्हणाली. फोन ठेवल्यावर स्वयंपाकघरात उभी राहून तिनं हळूच, एकटीनं, आपलंच नाव उच्चारून पाहिलं. भोपूनं उच्चारल्यासारखं वाटलं.

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नळी घालून आत पाहिलं आणि पडद्यावर दाखवलं. आवाजाचे दोन पांढरे पडदे, आणि त्यांच्या कडांवर समोरासमोर बारीक गाठी.

"काम काय करता?"

"मुलांना गोष्टी सांगते."

"त्यानं एवढं होत नाही. ओरडता का?"

"नाही हो. पाणघोड्याचा आवाज काढते."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला. "काढून दाखवा."

तिनं दाखवला. डॉक्टरीणबाई हसल्या, आणि लगेच हसणं आवरून म्हणाल्या, "पुन्हा काढू नका. माझ्या हौसेखातर काढलात तेवढा शेवटचा. आता काही महिने हळू आणि कमी बोलायचं, आणि हा आवाज तर अजिबात नाही. गाठी अजून मऊ आहेत, विरघळतील. हट्ट केलात तर घट्ट होतील, मग कापाव्या लागतील, आणि कापल्यावर तुमचा आवाज परत येईलच असं मी लिहून देणार नाही. एका घशात दोघं राहू शकत नाहीत, बाई. एकाला जागा खाली करायला सांगा."

सोमवारी ती ग्रंथपालांकडे गेली. साहेब वाईट माणूस नव्हते. बालविभाग वाचवताना ते वरिष्ठांशी भांडले होते. त्यांच्या टेबलावर रंगीत कागदाची गुंडाळी उलगडलेली होती आणि तिच्यावर भोपूचं तोंड दोन्ही बाजूंचे कान कागदाबाहेर जातील एवढं मोठं छापलं होतं.

"या, या! बघा, कसा दिसतोय? पुढच्या महिन्यात शाळांच्या सहली येणार, रोज दोन तास ठेवलेत. आधी आपल्या शनिवारच्या मुलांसमोर घोषणा करू. दरवाजावर हा लावायचा."

"साहेब, माझ्या घशाला..."

"हो, तुमचा घसा जरा बसलाय खरा. काळजी घ्या हं. गरम पाणी प्या. भोपू काय म्हणतो?"

"भोपूमुळेच झालंय साहेब. डॉक्टर म्हणाल्या, तो आवाज बंद करा."

साहेबांचा चेहरा पडला. त्यांनी गुंडाळी हातानं सपाट केली, जणू सुरकुती तिथंच होती. "बंद म्हणजे... बघा ताई, तुमच्यापासून काय लपवायचं. वरचे लोक मला विचारतात, बालविभाग कशासाठी? मी भोपू दाखवतो. भोपू नाही म्हटल्यावर खोलीही नाही, आणि मग तुमची जागा तरी मी कुठून वाढवू? थोडं सांभाळून करा ना. हलका आवाज काढा."

हलका काढता आला असता तर रडायचं कशाला होतं! पण ती "बघते साहेब" म्हणाली. ती नेहमीच बघते म्हणायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली होती, आणि धरलेलं काय होतं, तर एक मोजा.

नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा तो बराच वेळ डोकं खाजवत बसला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. इमारतीतल्या लिफ्ट बंद पडल्या की आत अडकलेली माणसं बाहेर काढणं हा त्याचा रोजचा धंदा, त्यामुळे बायकोचं अडकणं त्याला आपल्याच खात्यातलं वाटलं.

"अगं, एवढंच ना? आमच्या लिफ्टमध्ये बाई बोलते, 'दरवाजा बंद होत आहे.' ती काय खरीच उभी असते का आत? आवाज एकदा भरून ठेवायचा, बटण दाबलं की झालं!"

त्यानं जुन्या लिफ्टची बटणांची पट्टी आणली, खोक्यात बसवली, वायर तिच्या बाहीतून नेऊन भोपूच्या मानेत एक छोटासा स्पीकर शिवून दिला. प्रश्न एकच राहिला: आवाज भरायचा कुठून? तर तिच्याच घशातून. मनातल्या मनात डॉक्टरीणबाईंची माफी मागून तिनं मोजकी वाक्यं भरली. "मी आलो रे!" "अरे बापरे!" "मग पुढे काय झालं?" "पान उलटू का?" "हे मला नाही आवडलं!" "पुन्हा सांग, पुन्हा सांग!" नवऱ्यानं प्रत्येक बटणावर खूण चिकटवली. तळमजल्याचं बटण म्हणजे टाटा.

शनिवारी खोकं तिच्या गुडघ्याजवळ, उशीखाली लपवलेलं. पुस्तक आज मांडीवर टेकवून उभं केलेलं, म्हणजे डावा हात बटणांसाठी मोकळा. सुरुवात फक्कड झाली. "मी आलो रे!" मुलं नाचली. पुस्तक नवं होतं: एक हत्ती कपाट विकत घेतो आणि ते घराच्या दारात अडकून बसतं. ना आत जातं, ना बाहेर येतं. "अरे बापरे!" भोपू वेळेवर म्हणाला. गोष्टताईला वाटलं, सुटले बुवा!

मग पुढच्या रांगेतली एक मुलगी उठली. दर शनिवारी तिचे इतके प्रश्न असायचे, की गोष्टताईनं मनात तिचं नाव वकीलबाई ठेवलं होतं. "भोपू, तुझ्या घरी कपाट आहे?"

गोष्टताईनं खोक्यावर हात फिरवला. "मग पुढे काय झालं?" भोपू म्हणाला.

"पुढे नाही, आत्ता. तुझ्या घरी?"

"पुन्हा सांग, पुन्हा सांग!"

"दोनदा सांगितलं," वकीलबाई म्हणाली. मुलं हसली.

तेवढ्यात मागून एक मुलगा पुढे आला. कधीच न बोलणारा, कडेला बसणारा. तो थेट भोपूच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "माझा बाबा आता आमच्याकडे राहत नाही."

गोष्टताईचं बोट खोक्यावर थबकलं. तिथं या वाक्याला उत्तर नव्हतं. तिनं हात मागे घेतला, आणि घेताना कोपर लागलं.

"हे मला नाही आवडलं!" भोपू मोठ्यानं म्हणाला.

मुलाचं तोंड एवढंसं झालं. तो मागे सरकायला लागला. वकीलबाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "भोपू आज आपलं ऐकतच नाहीये."

गोष्टताईनं वायर हिसकली. घसा आवळला आणि तिनं खरा आवाज काढला, दगडावर दगड. "थांब रे राजा. माझी बटणं बिघडली होती. इकडे ये. काय म्हणालास? मी नीट ऐकलं नाही, चुकलं माझं." मुलगा परत आला. भोपूनं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि ते दोघं बराच वेळ कानात बोलत राहिले. त्या संध्याकाळी तिच्या तोंडून पाणी मागण्याएवढाही आवाज निघाला नाही. नवऱ्यानं पट्टी खोक्यातून काढून ठेवली. "लिफ्टमधल्या बाईला कुणी काही सांगत नसतं," तो म्हणाला. "हे माझ्या लक्षातच आलं नाही."

आठवडाभर ती अजिबात बोलली नाही. हातवारे करायची, नवरा मुद्दाम उलटं समजून घ्यायचा, "काय? मला नवे मोजे हवेत? धन्यवाद!" हसता येत होतं, तेवढं बरं. आणि मुक्या तोंडानं कामं करता करता तिनं ठरवलं: मुलांना खरं सांगायचं. मुलं समजूतदार असतात. साहेबांपेक्षा तर नक्कीच.

पुढच्या शनिवारी ती सतरंजीवर बसली. भोपू मांडीवर, रिकामा, चपटा. ती आपल्या उरल्यासुरल्या आवाजात म्हणाली, "मुलांनो, आज एक खरी गोष्ट. भोपू बोलतो ना, तो आवाज माझ्या घशातून येतो. मीच बोलते. आणि त्यानं माझा घसा दुखतो. आजारी पडलाय घसा."

मुलांनी नीट ऐकून घेतलं. चेहरे गंभीर. मागून कुणीतरी च् च् केलं. वकीलबाई उठून जवळ आली, तिच्या गळ्याला हात लावून तपासलं.

"फार दुखतं?"

"हो."

"मग तू बोलू नकोस," वकीलबाई म्हणाली. "आज तू गप्प बस. भोपूला बोलू दे."

"हो, हो! ताईला आराम! भोपू बोलेल!" सगळी खोली एका सुरात.

गोष्टताईला हसू आलं. आता कुणाला काय सांगायचं होतं? एका मुलानं तर भोपूला उचलून तिच्या हातात घालायला सुरुवात केली, प्रेमानं, बोट बोट सारत, लहान बाळाला झबलं घालावं तसं. भोपू उभा राहिला. त्यानं सवयीनं आ वासला. सगळी खोली वाट बघत होती. ग्रंथपाल साहेबही दारात येऊन उभे होते, काखेत गुंडाळी, घोषणा करायला.

तिनं घसा आवळला नाही. आवळायचाच नाही, एवढं तिनं त्या क्षणी ठरवलं, बाकी काही नाही. भोपूच्या तोंडून तिचाच आवाज आला, बारीक, फाटका, मध्येच तुटणारा. "मी... आलो रे."

पुढच्या रांगेतली मुलं उठून भोपूच्या तोंडात डोकावली.

मग वकीलबाई हबकून म्हणाली, "ताईचं दुखणं भोपूला लागलं!"

"लागणारच! रोज हातात असतो तिच्या."

"त्याच्या तोंडावर रुमाल बांधा."

"कुणी त्याच्या जवळ जाऊ नका रे, साथ पसरेल!"

झालं. आता दोन रोगी आणि एकही वैद्य नाही, किंवा सगळेच वैद्य. भोपूला उशीवर निजवायचं ठरलं. पण हातासकट, कारण हात काढला तर त्याला थंडी वाजेल. गोष्टताई एका कुशीवर वाकून बसली. गोष्ट कोण सांगणार हा प्रश्न उरला तेव्हा हत्ती आणि कपाटाचं पुस्तक मुलांनीच मध्ये ओढलं. दोघांनी धरलं, तिसऱ्यानं पान तोंडानं उलटायचा प्रयत्न केला आणि त्याला ओरडा बसला. चित्रं बघून जो तो सांगायला लागला. हत्तीच वेडा आहे. कपाट अडकलं नाही, घरच लहान आहे. कपाटाला विचारलं का कुणी? त्याला आत यायचंच नसेल तर? कडेला बसणारा मुलगा म्हणाला की हत्तीनं आता कपाटातूनच ये-जा करावी, पुढचं दार उघडून आत आणि मागची फळी काढून बाहेर. यावर बराच वाद झाला. गोष्टताई एक शब्दही बोलली नाही. कित्येक दिवसांनी शनिवारी तिचा घसा दुखत नव्हता.

तास संपला. मुलं जाताना एकेक करून भोपूच्या कपाळाला हात लावून गेली. "लवकर बरा हो." वकीलबाई सर्वात शेवटी. "बरा झालास की आधी माझ्याशी बोल. माझा नंबर पहिला."

खोली रिकामी झाली तेव्हा ग्रंथपाल साहेब आत आले. त्यांचा चेहरा खुलला होता. "वा! काय कल्पना काढलीत ताई! आजारी भोपू! मुलं काय रंगली होती! आता पुढच्या महिन्यात तो बरा होऊन परत येतो असं दाखवू. पहिल्याच सहलीला. धमाल येईल." आणि ते वाकून थेट भोपूकडे बघत म्हणाले, "काय शेठ, तोवर ठणठणीत व्हाल ना?"

तिच्याकडे बघितलं असतं तर ती कदाचित पुन्हा "बघते" म्हणाली असती. पण प्रश्न तिला नव्हताच. तिनं मनगट वळवलं. भोपूनं मान हलवली. डावीकडे, उजवीकडे. नाही.

साहेब खो खो हसले. "लेकाचा नाटकी आहे!" असं म्हणून गुंडाळी काखेत सारत ते जिना उतरून गेले.

तिच्या हातात भोपू अजून मान हलवत होता. तिनं थांबवलं तेव्हा थांबला. मग तिनं हात बाहेर काढला. मोज्यात तासभर राहिलेला हात घामेजला होता, त्याला गार वारा लागला. भोपूला उशीवर तसाच ठेवून ती खाली गेली.

साहेब फोनवर कुणाला तरी दरवाजाची रुंदी सांगत होते. त्यांनी खुणेनं खुर्ची दाखवली. ती बसली नाही. त्यांची नजर सवयीनं तिच्या उजव्या हाताकडे गेली, आणि मग वर आली.

"साहेब, वर तो जो नाही म्हणाला," ती म्हणाली, "ते मी म्हणाले. तो आवाज मी आता काढणार नाही. सहलींनाही नाही, नंतरही नाही. चित्रं दाखवीन, मुलं सांगतील."

शेवटचे शब्द हवेसारखेच गेले. साहेबांनी फोनवर हात धरला आणि कान पुढे केला. "काय म्हणालात? ऐकू नाही आलं. जरा मोठ्यानं बोला ना."

मोठ्यानं बोलायला डॉक्टरीणबाईंनी मना केलं होतं. ती टेबलाला वळसा घालून त्यांच्या खुर्चीपाशी गेली, कानाशी वाकली आणि जेवढा आवाज होता तेवढ्यातच, पहिल्या शब्दापासून, पुन्हा सांगू लागली.